पाण्यातला परीक्षक

बुडणं ही त्याची नोकरी होती आणि ती तो चोख करायचा. तलावावर सगळे त्याला बुडीत म्हणत. कचेरीत, चहाच्या टपरीवर, इंधनाच्या पंपावर. नव्या पोरांनी त्याचा बुडीतकाका केला होता, आणि त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

तलावावर सुट्टीला आलेल्या ज्या कुणाला स्वतः मोटरबोट चालवायची असेल, त्याला तीन दिवसांचा पाहुणा परवाना घ्यावा लागे. आधी शेडमध्ये बसून नियम ऐकायचे. जॅकेटचे सगळे पट्टे लावायचे. इंजिनाची लाल दोरी मनगटात अडकवायची, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. शिडाच्या होडीला वाट द्यायची. पोहणाऱ्यांसाठी पिवळे फुगे बांधले आहेत, त्यांच्या आत शिरायचं नाही. चालत्या बोटीत उभं राहायचं नाही. पाहुणे माना डोलवत आणि एकीकडे मोबाइल बघत. मग खरी परीक्षा: पाण्यात पडलेला माणूस बोटीत घेऊन दाखवायचा. तो पडलेला माणूस म्हणजे बुडीत.

पूर्वी या कामाला रबरी पुतळा होता. एका दंतवैद्याने त्याच्यावरून बोट नेली आणि पुतळ्याचं मुंडकं कुठे गेलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. नव्या पुतळ्याची फाइल वर गेली ती वरच राहिली. बुडीत तेव्हा बचावपथकात होता, पण कान फुटल्यामुळे त्याला खोल बुडी मारायला बंदी झाली होती. साहेब म्हणाले, "तुला नुसतं तरंगायचंय. तात्पुरतं." त्या तात्पुरत्याला आता नऊ वर्षं झाली होती.

परीक्षकसाहेब धक्क्यावर छत्रीखाली दुर्बीण घेऊन बसत. माणसाजवळ पोचण्याआधी इंजिन बंद करायचं, हा सगळ्यात मोठा नियम, कारण खाली पंखा फिरत असतो आणि त्याला रबर काय आणि मांस काय, सारखंच. पण आजूबाजूला इतक्या बोटी घरघरत असत की या एकीचं इंजिन बंद झालं की नाही हे साहेबांना कळायला मार्ग नव्हता. म्हणून रीत पडून गेली. बोटीत ओढून घेतल्यावर बुडीतने उजवा हात वर केला की पाहुणा पास. नाही केला की नापास. हे नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

लोकांना नापास करायला बुडीतला आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच उन्हाळ्यात एका पाहुण्याच्या पंख्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता, त्यामुळे हा राग रास्तही होता. पण रागात रस मिसळायला वेळ लागत नाही. बायको-मुलांसमोर रुबाबात सुकाणू धरलेला कुणी गृहस्थ इंजिन चालू ठेवून त्याला वर ओढायचा, तेव्हा बुडीत कानातलं पाणी झटकून मोठ्याने म्हणायचा, "साहेब, तुम्ही मला मारलंत. पोरांना विचारा, त्यांनी बघितलंय." एकदा एक लहान मुलगी हे ऐकून रडायलाच लागली. ती गोष्ट त्याने रात्री जेवताना घरी रंगवून सांगितली होती.

"दिवसभर पाण्यात असता आणि जीभ तेवढी कोरडी," बायको म्हणाली होती. तिचं बोलणं असंच. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, काय करतात हो तुमचे मिस्टर, तर ती म्हणाली, "बुडतात. आम्हालाही बुडवतील, त्यात काय."

मुलीला मात्र बापाच्या नोकरीची लाज वाटायची. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. नीटनेटकी, इस्त्रीची, हळू बोलणारी. दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलाच्या वडिलांचं शहरात टायरचं मोठं दुकान होतं. "माझे बाबा परवाना विभागात आहेत," तिने सांगितलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं.

एका रविवारी ती मंडळी लग्नाचं पक्कं करायला येणार होती. संध्याकाळी चहाला घरी. पण गाव तलावाकाठी, लोक शहरातले. सकाळीच पोचले आणि हॉटेलात सामान टाकून थेट धक्क्यावर आले.

बुडीतची त्या दिवशी दुपारपर्यंतच ड्युटी होती. तो पाण्यात पाठीवर पडून पुढच्या बोटीची वाट बघत होता. बोट वळली आणि त्याला सुकाणूवरच्या मुलाचे बाहेर आलेले कान दिसले. हे कान त्याने मुलीच्या फोनवर शंभरदा पाहिले होते. बोटीत दोघे आणखी होते. एक जाडजूड, पांढऱ्या बुटातले, ते टायरवाले. दुसरा गॉगलवाला, तो मुलाचा मेहुणा. डोक्याला रबरी टोपी आणि डोळ्यांवर पाण्यातला चष्मा, त्यामुळे बुडीतला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने रोजच्यासारखे हात हलवले आणि ओरडला, "वाचवा!"

पहिल्या फेरीत मुलगा लांबून निघून गेला आणि लाट बुडीतच्या तोंडावरून गेली.

"गेला वाटतं म्हातारा," मेहुणा म्हणाला. "काका, घरी काही निरोप द्यायचाय का?"

दुसऱ्या फेरीत बोट अगदी अंगावर आली. टायरवाले वाकून ओरडत होते, "अरे धर ना! पोत्यासारखा ओढ! नुसता बघतोयस काय?"

"पप्पा, थांबा हो जरा."

"पोतं बरं, निदान ओरडत तरी नाही," मेहुणा म्हणाला, आणि तिघांपैकी दोघे हसले.

इंजिन चालूच होतं. खाली पाणी घुसळल्याचा जोर बुडीतला तळपायांना लागला आणि त्याने गुडघे छातीशी घेतले. तेवढ्यात मुलाने त्याला काखेत हात घालून वर घेतलं. घाईने नाही, सांभाळून. बोटीत बसवल्यावर तो म्हणाला, "काका, लागलं नाही ना कुठे?"

बुडीतने इंजिनाकडे बघितलं. मुलाच्या कानांकडे बघितलं. मग त्याने उजवा हात वर केला.

धक्क्यावर साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. "आज सूर्य कुठून उगवलाय? पास केलास, आणि तोही दुसऱ्या फेरीत घेतलेला?"

"चांगलं केलं त्याने," बुडीत म्हणाला आणि कपडे बदलायला गेला.

घरी बायको त्याचा शर्ट इस्त्री करत होती. पडदे धुतलेले, खुर्च्या शेजारून आणलेल्या. मुलगी कुठे दिसेना.

"गेली धक्क्यावर," बायको म्हणाली. "त्याचा फोन आला होता, बोट मिळालीय, ये म्हणून. घरातली मोठी माणसं काठावर बसतील, मुलगा, त्याचा मेहुणा आणि आपली, ही तिघं चक्कर मारून येतील. पहिल्याच झटक्यात परवाना मिळाला म्हणे. बघा, हुशार आहे जावई. नाहीतर तुमच्या हातून कोण पास होतंय?"

बुडीतने मुलीला फोन लावला. वाजत राहिला. बोटीत चढताना पर्स आणि फोन काठावरच्या पेटीत ठेवावे लागतात, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने पुन्हा लावला.

"काय झालं?"

"त्याला येत नाही. इंजिन बंद करत नाही तो."

बायकोने इस्त्री उभी केली. "मग हात कशाला वर केलात?"

त्याने फोन पुन्हा लावला.

"हे बघा, सगळं मुसळ केरात घालू नका. तासाभराची चक्कर आहे. रोज शेकडो माणसं फिरतात, कोण बुडतंय तुमच्याशिवाय?"

तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

रविवारची दुपार, वारा सुटलेला. तलाव बोटींनी नुसता बुजबुजला होता. धक्क्यावरून त्याला सात नंबरची बोट दिसली. ती पिवळ्या फुग्यांना खेटून चालली होती. मुलगी पुढच्या टोकाला उभी राहून काठावरच्या बायकांना हात करत होती. जॅकेटचा खालचा पट्टा लोंबत होता. मुलाने वळण घेतलं, ती लटपटली, हसली आणि पुन्हा उभी राहिली.

"सात नंबरला परत बोलवा," तो साहेबांना म्हणाला.

"उभं राहिल्याबद्दल? शिट्टी मारतो की."

"परवाना रद्द करून बोलवा."

"कारण द्यावं लागेल. मनात आलं म्हणून रद्द होत नाही."

"मी खोटा हात वर केला."

साहेबांनी त्याच्याकडे, मग त्याच्या शर्टाकडे पाहिलं. "का?"

"माझी मुलगी आहे त्या बोटीत."

"सकाळी तर नव्हती," साहेब म्हणाले. हा माणूस वाईट नव्हता, पण हिशेबाला पक्का. त्याने माइक उचलला, आणि सगळ्या तलावाने ऐकलं: सात नंबर, परीक्षेत गैरप्रकार, परवाना रद्द, सावकाश धक्क्याला या.

मुलाने बोट आणली ती इतकी सुरेख की धड्यात दाखवावी. वेग उतरवला, लांबूनच इंजिन बंद केलं आणि बोट अलगद टेकली. मुलीला त्याने हात देऊन उतरवलं.

"कसला गैरप्रकार?" टायरवाले काठावरून तरातरा आले. "पाण्यातल्या माणसाने खोटा हात वर केला," म्हणत साहेबांनी बुडीतकडे बोट दाखवलं. टायरवाल्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा तर सकाळचा... तो बुडणारा ना?"

"बाबा?" मुलगी म्हणाली.

मुलाची आई छत्रीखालून पुढे आली. "हे तुझे बाबा? अगं, तू तर परवाना विभाग म्हणाली होतीस."

मग मुलगाच बोलला आणि तेही चांगुलपणाने, त्यामुळे ते जास्त लागलं. "काका, सकाळीच सांगायचं होतंत. तासाभराने परत परीक्षा देता येते, पाटीवर लिहिलंय. मी दिली असती. मघाशी बोट घेताना मी इंधनाच्या पंपावरच्या माणसाला विचारलंसुद्धा, इंजिन नेमकं कधी बंद करायचं."

बुडीतने नऊ वर्षांत शेकडो लोकांना तासाभराने परत पाण्यात बोलावलं होतं. त्यातले बहुतेक दुसऱ्यांदा पास होत. सकाळी हे त्याला आठवलंच नव्हतं. नापास म्हणजे अपमान, एवढंच त्याला माहीत होतं. तेवढ्यासाठीच तर तो नापास करायचा.

टायरवाले मात्र शांत झाले होते. धंद्यातला माणूस निर्णय झाल्यावर होतो तसे. "खोटं बोलायचं तर माणसाने शेवटपर्यंत बोलावं," ते बायकोला म्हणाले. "हा गृहस्थ धड खोटाही नाही आणि धड खराही नाही. असला व्याही काय चाटायचाय? चला."

"पप्पा, ऐका तरी."

"तू गाडीत बस."

मेहुण्याने गॉगल चढवला. मुलगा दोनदा मागे वळला आणि गाडीत बसला.

मुलगी जॅकेट काढत होती. वरचा पट्टा अडकला होता. बुडीत मदतीला पुढे झाला तशी ती मागे सरली.

"त्यांनी तुम्हाला पोतं म्हटलं, म्हणूनच हे केलंत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्याच्या मेहुण्याने बोटीत सांगितलं. सकाळी एक म्हातारा पोत्यासारखा ओढला म्हणून. मीही हसले. मला काय माहीत, ते तुम्ही."

"इंजिन चालू होतं," बुडीत म्हणाला. "खाली पंखा फिरत होता."

"आत्ता बंद केलं की त्याने. तुमच्यासमोर."

"सकाळी चालू होतं."

"मग सकाळी सांगायचं!" ती ओरडली. आयुष्यात ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "परक्यांच्या पोरांना रडवेपर्यंत नापास करता ना? मग माझ्याच वेळी कुठे गेला तुमचा नियम?"

तलावावर त्या दिवशी कुणालाही खरचटलं नाही. एखादी बोट उलटली असती, कुणाचं बोट तुटलं असतं, तर बुडीतला दाखवायला काहीतरी राहिलं असतं. मुलाचे पंधरा दिवस फोन येत राहिले, मग कमी झाले, मग थांबले. घरी मुलगी त्याच्याशी आईमार्फत बोलू लागली. "बाबांना सांग, दिवा बंद करा." तो समोरच बसलेला असायचा.

कचेरीने त्याला महिनाभर घरी बसवलं. गार पाण्यात उतरायला दुसरा कुणी तयार होईना म्हणून परत बोलावलं, पण आता बोटीत एक धाकटा परीक्षक बसतो आणि तोच काय ते ठरवतो. बुडीतने नुसतं तरंगायचं.

पुढल्या वर्षी दुसरं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरचे साधे. चहाला येणार म्हटल्यावर बायको बुडीतला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी ड्युटी लावून घ्या." आत मुलगी पडद्यांना कड्या लावत होती. तिने पुढची कडी लावली. त्याने ड्युटी लावून घेतली, आणि ती संपल्यावरही तो इंधनाच्या पंपावरच्या पोरांशी उगाच बराच वेळ बोलत उभा राहिला.

घरी पोचला तेव्हा मोरीत कपबश्यांचा ढीग पडला होता आणि आत मायलेकी कशाला तरी हसत होत्या. त्यावरून त्याने ओळखलं की जमलं. तो दारात आला तसं हसणं थांबलं.