नाचरा विरुद्ध मुसळ

धोंड्याच्या महिन्यातलं जावयांचं जेवण रविवारी होतं आणि मी शनिवारी दुपारीच सासुरवाडीला जाऊन थडकलो. दिवस विसरलो असतो तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. मी ठरवून आलो होतो. मला माझ्या साडूच्या आधी पोहोचायचं होतं.

सासुरवाडी शिरपूरजवळच्या एका गावात. साडू राहतो धुळ्याला, तिथून तासाभराची वाट. मी जळगावचा, मला अडीच-तीन तास लागतात. त्यामुळे गेली कित्येक वर्षं प्रत्येक सणाला मी दारात चपला काढतो तेव्हा त्याच्या चपला तिथे आधीच आरामात पडलेल्या असतात. या वेळी म्हटलं, एक दिवस आधीच जाऊ. बायको म्हणाली, "अक्कांनी रविवारचं सांगितलंय." मी म्हणालो, "जावयाला काय वार असतो?" आणि गाडी काढली.

पोहोचलो तर ओट्यावर चपला होत्या.

साडू आबांच्या खाटेवर बसून आंबा चोखत होता. अंगात आबांचं बनियन. तो शुक्रवारीच आला होता. आबा म्हणजे आमचे सासरे, त्याच्याशेजारी मांडी घालून बसले होते आणि दोघं एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी बघत होते. आतून अक्का, म्हणजे सासूबाई, हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या.

"आमंत्रण रविवारनं व्हतं ना?"

"हो, पण म्हटलं…"

"आज ते खिचडी टाकेल शे," अक्का म्हणाल्या.

त्यांनी साडूला कधी असं विचारलेलं मी ऐकलं नाही. तो शुक्रवारी आला तेव्हा काय टाकलं होतं हे मी नंतर मेहुणीकडून काढून घेतलं. वांग्याचं भरीत होतं. सोबत कळण्याची भाकरी.

आता हा साडू काही वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. तो मला 'दादा' म्हणतो, वाकून नमस्कार करतो, माझी बॅग उचलतो. त्याला माझा अजिबात हेवा वाटत नाही, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. शिवाय त्याचं नाक वाकडं आहे. कॉलेजात असताना तो दोन वर्षं बॉक्सिंग खेळायचा, तेव्हा कुणाचा तरी ठोसा बसला आणि नाक किंचित डावीकडे गेलं. आबा शाळेत खेळाचे मास्तर होते. पोरगी बघायला आलेल्या या मुलाचं नाक बघून त्यांनी विचारलं, "हे कशानं?" त्यानं सांगितलं, आणि पुढचे दोन तास पोहे कुणाला आठवले नाहीत. मी पोरगी बघायला गेलो होतो तेव्हा आबांनी मला विचारलं होतं, "पाईपांचा धंदा कसाय?" माझं नाक सरळ आहे. ठिबकच्या नळ्या विकून नाक वाकडं होत नाही.

या खेपेला नेहमीच्या हेव्यात आणखी एक गोष्ट होती. आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ऑपरेशननंतर आठ दिवस त्यांनी एका लेकीकडे राहायचं, असं अक्कांनीच ठरवलं होतं, कारण गावी धूळ फार. धुळ्यालाही डोळ्यांचे डॉक्टर आहेत, जळगावलाही आहेत. कुठे जायचं हे आबा या रविवारी सांगणार होते.

धुळ्याला आबा महिन्यातून एकदा तरी मुक्कामाला जातात. माझ्या घरी बावीस वर्षांत त्यांनी एक रात्र काढलेली नाही. येतात, चहा घेतात, "झाडं छान लावलीत" म्हणतात आणि संध्याकाळची बस पकडतात. मी या वेळी मागची खोली रंगवून घेतली होती, कूलर बसवला होता, खाटेला नवीन पट्ट्या ओढल्या होत्या. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोनं मात्र रंगाचा डबा बघून फक्त एवढं विचारलं होतं, "आबांना विचारलंत का?"

संध्याकाळी त्या मोबाईलमध्ये काय चाललंय ते कळलं. आबा जुन्या बॉक्सिंगच्या लढती बघत होते. त्यांचे दोन आवडते होते, दोघंही हेवीवेट. एक त्यांच्या तरुणपणीचा, जो रिंगणात पायांवर नुसता नाचायचा. त्याला आबा 'नाचरा' म्हणत. दुसरा नंतरचा, बुटका, जाड मानेचा, मिनिटाभरात समोरच्याला आडवा करणारा, तो 'मुसळ'. नाचरा थकून थांबला तेव्हा मुसळ अजून पोरसवदा होता, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडलीच नाही. ती पडली असती तर काय झालं असतं, हा आबांचा आणि साडूचा गेल्या वर्षभराचा विषय. हे मला आता कळत होतं. वर्षभर हे दोघं फोनवर लढत होते आणि मला आबांचा शेवटचा फोन आला होता तो ठिबकची नळी उंदरानं कुरतडली म्हणून.

"हेवीवेट म्हणजे किती हो?" मी विचारलं. काहीतरी विचारणं भाग होतं.

"नव्वद किलोच्या वर, दादा, साधारण," साडू म्हणाला.

आबांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले आणि आम्हाला पडवीतल्या काट्यापाशी घेऊन गेले. कापूस मोजायचा तो मोठा काटा. उन्हाळ्यात त्याला काम नसतं, त्यावर सरपणाच्या मोळ्या पडल्या होत्या. त्या बाजूला करून आबांनी आधी साडूला चढवलं. अठ्ठ्याहत्तर. मग मी. काटा डुलला, थांबला. त्र्याण्णव.

"दादा, तुम्ही खरे हेवीवेट," साडू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला.

"वेगळ्या गटातल्यांची लढत लावत नाहीत," आबा म्हणाले आणि साडूच्या खांद्यावर हात ठेवून परत ओट्याकडे गेले. मी काट्यावर थोडा वेळ उभाच राहिलो. चप्पल काढून बघितलं. काही फरक पडला नाही.

रविवारी पाट मांडले. आम्हा दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. दोन ताटांत अनारसे आले, प्रत्येकाला तेहतीस, तशी रीत आहे. आजवर कुणी जावयानं ते मोजले असतील असं वाटत नाही. मी मोजले. त्याच्या ताटात तेहतीस होते, माझ्यात बत्तीस. अक्कांकडे बघितलं, त्या शांतपणे तूप वाढत होत्या. मग आठवलं की मोजायच्या आधी एक मीच तोंडात टाकला होता.

खापरावरचे मांडे होते, आमरस होता. अक्कांनी पहिला मांडा साडूच्या ताटात घडी करून ठेवला. तो दाराजवळ बसला होता म्हणून, हे मला कळत होतं. कळून उपयोग नसतो.

"जेवा ना, जावईबुवा," अक्का मला म्हणाल्या. "काय इचार करी राहिनात?"

"काही नाही. आबांना बरं नाही का? डोळे लाल दिसतायत."

"रातभर पंखाले शिव्या देतस ते," अक्का म्हणाल्या. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर आलो. आबा खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "ऑपरेशन झाल्यावर आठ दिवस मोबाईल बंद म्हणतात. तेव्हा डोळे मिटूनच बघायला लागणार. आज सराव करू. तुम्ही दोघं लढत सांगा. नाचरा आणि मुसळ. मी डोळे मिटतो."

ही परीक्षा आहे हे मला लगेच समजलं. साडूनं नाचरा घेतला. माझ्या वाट्याला मुसळ उरला.

साडू उभा राहिला. अजूनही आबांचंच बनियन. टाचा उचलून तो ओट्यावर असा हलायला लागला की मला शेजारची म्हैससुद्धा त्याच्याकडे बघतेय असं वाटलं. पहिल्या फेरीत मुसळ कसा अंगावर येतो, नाचरा कसा मागे सरतो, डाव्या हाताचे छोटे ठोसे कसे सुटतात. चौथ्या फेरीत मुसळचा दम कसा फुटतो. सातव्या फेरीत पंच मध्ये पडून लढत कशी थांबवतो. पंधरा मिनिटांत सगळं चोख. एक शब्द जास्त नाही.

"वा," आबा डोळे मिटूनच म्हणाले. "वा, वा. दिसलं."

मला आठवतं, बावीस वर्षांत मला एकच 'वा' मिळाला आहे. तोही झाडांबद्दल.

"आता तुम्ही," आबा म्हणाले.

मला बॉक्सिंगमधलं काही येत नाही. मी घसा साफ केला आणि जिथून मला येतं तिथून सुरुवात केली. म्हणजे घरातून. मुसळ सकाळी उठला, असं मी सांगितलं. त्याची बायको म्हणाली, आज लढत आहे तर भाकरी दोनच खा. त्यानं तीन खाल्ल्या.

"लढत कुठे आहे?" आबांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या शाळेच्या मैदानावर."

आबांची एक भुवई उचलली. मग मला थांबता येईना. मी मैदानावर चुन्याची फक्की मारली. फक्की मारणारे मास्तर म्हणजे खुद्द आबाच, आणि त्यांची रेघ चिंचेच्या झाडापाशी थोडी वाकडी गेली, म्हणून ती पुसून परत मारली. गर्दी जमली. कुणीतरी सायकल झाडाला लावली, ती पडली, तिच्याबरोबर आणखी चार पडल्या. माईकवर सरपंच बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. नाचरा तिकडे नाचून नाचून घामाघूम झाला. मुसळ रिंगणात चढायला निघाला तर त्याच्या बुटाची लेस सुटली. हातात ते मोठे मोजे, लेस बांधता येईना. आता बांधायची कुणी?

अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "त्याना मायले माहीत शे का, तो मार खावाले जाई राहिना ते?"

"तेच आता येतंय, अक्का," मी म्हणालो, आणि मुसळच्या आईला मैदानावर आणलं. ती आधी चुकीच्या शाळेत गेली होती.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. एकही ठोसा पडला नव्हता. मी आबांकडे बघितलं. ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात छातीवर.

साडू हळूच उठला, आतून टेबलफॅन आणला आणि आबांच्या पायांशी लावला. आवाज न करता. हे मला का सुचलं नाही, याचा विचार करत मी बाकीची दुपार काढली. मागच्या खोलीचा रंग, कूलर, खाटेच्या पट्ट्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ऐकणाऱ्याला डुलकी लागते ती कंटाळ्यानं, हे मला दुकानातल्या गिऱ्हाइकांवरून माहीत आहे.

पाच वाजता आबा उठले. चहा घेतला. बशी खाली ठेवून म्हणाले, "मंग? लेस बांधी का त्यानी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही अजून," मी म्हणालो. "आई येतेय."

"राहू द्या," आबा म्हणाले. "उरलेलं जळगावला सांगा. आठ दिवस आहेत."

साडूनं माझा हात हातात घेतला. "बरं झालं, दादा. तुमच्याकडे कूलर पण आहे," तो म्हणाला (हे बायकोनंच फोडलं असणार) आणि मनापासून हसला. मी जिंकलो होतो आणि त्याला आनंद झाला होता. अशा माणसाचं करायचं काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

परत येताना वाटेतलं चोपडा मागे पडेपर्यंत मी गाडीत बोलतच होतो. धुळ्याचं सगळं कसं तांत्रिक, पण गोष्टीला माणूस लागतो, आई लागते, चिंच लागते. आबांसारख्या माणसाला ते बरोबर कळतं. आता बावीस वर्षांनी का होईना, कळलं. बायको मांडीवर अनारशांचा डबा घेऊन बाहेरच्या केळी बघत होती. माझं संपल्यावर तिनं डबा नीट धरला.

"ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हापासून आबांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही," ती म्हणाली. "भीती वाटते त्यांना, पण बोलत नाहीत. अक्का सांगत होत्या, पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा सलग दोन तास झोपले. तुम्ही ते लेसचं सांगत होतात ना, तेव्हाच लागली. म्हणून येतायत ते. आता ते घरी आल्यावर उगाच रंगवून सांगायला जाऊ नका. नेहमीसारखंच सांगा."