वहिनी परीक्षेला बसली

समोरून उत्तर आल्याशिवाय आपलं बोलणं पोचलं, असं माझ्या वहिनीने आयुष्यात कधी मानलं नाही. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डापुढे बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि या वायरचं टोक त्या भोकात घालून इकडच्या साहेबाला तिकडच्या खात्याशी जोडून द्यायचं, हे काम तिने वीसेक वर्षं केलं. ते तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीसुद्धा ती सगळ्यांना जोडूनच देत असे. "जेवायला या" म्हटल्यावर दादाने नुसती मान हलवली, तर ताट वाढलं जात नसे. "मान मला ऐकू येत नाही," ती म्हणायची. दादाचं शेजाऱ्यांकडे काही काम निघालं की "थांबा, देते" म्हणून ती खिडकीतून हाक मारी, शेजारी दारात आले की "हं, बोला" म्हणून बाजूला होई, आणि तीन मिनिटांनी येऊन दोघांना विचारी, "झालं का बोलून?" आवाजांची तर तिला इतकी पारख होती की एकदा मी फोनवर 'हॅलो' म्हणण्याआधीच, नुसत्या श्वासावरून, "भाऊजी, सर्दी झालीय, वाफ घ्या," असं तिने मला सांगितलं होतं.

अशा बाईचा बोर्ड बंद करायचं ठरलं. कोथरूडच्या गल्लीगल्लीत संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि प्रत्येक घरातला निदान एक भाचा अमेरिकेच्या वाटेवर होता, ते हे दिवस. कारखान्यात संगणक आले, ते एकमेकांना जोडायचे ठरले, आणि बोर्डावरच्या तिन्ही बायकांची सहा महिन्यांनी आवक-जावक विभागात बदली होईल असं परिपत्रक निघालं. त्यातच खाली एक ओळ होती. नेटवर्कच्या नव्या खोलीत एक जागा आहे. एका परदेशी कंपनीची परीक्षा पास होऊन या मुदतीत जो कर्मचारी प्रमाणपत्र आणेल, त्याला ती मिळेल. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणी तरी नुकता लागलेला डिप्लोमावाला असणार. वहिनी सेहेचाळीस वर्षांची होती, आणि बाहेरून परीक्षा देऊन मराठी घेऊन बी.ए. झालेली होती. तिने परिपत्रक दोनदा वाचलं. "जोडायचं काम माझं आहे," ती म्हणाली. "वायरी बदलल्या म्हणून मी पाकिटं चिकटवत बसू?"

क्लासमध्ये पहिल्या दिवशी सरांनी तिला अदबीने खुर्ची दिली. "काकू, मुलाचा फॉर्म आणलात का?"

"मुलगा नाही मला. मीच आहे. चालेन का?"

चालली. दोन बस बदलून ती कोथरूडला जाई आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या मधोमध पहिल्या बाकावर बसे. घरी अभ्यासाला मी होतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, त्यामुळे घरातला इंग्रजी वाचणारा माणूस. रविवारी मी ते विटेएवढं पुस्तक घेऊन बसायचो. मला शब्द कळत, पण मजकूर कळत नसे. वहिनीला शब्द अडत, पण मजकूर लख्ख कळे. एक संगणक दुसऱ्याला माहिती पाठवतो, पोचल्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो आणि नाहीच आलं तर पुन्हा पाठवतो, हे मी वाचून दाखवलं तेव्हा तिने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. "अहो, हे मीच की! न विचारता लिहिलंय यांनी माझ्यावर." मोठ्या नेटवर्कचे लहान भाग कसे पाडायचे, हे गणित तिने पोळीवर बसवलं. पोळीचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक तुकडा वेगळा ठेवून, कुठल्या संगणकाचा पत्ता कुठल्या तुकड्यात पडतो हे ती बोट ठेवून सांगे. दादा समोर रिकामं ताट घेऊन बसलेला. "अगं, यातला एखादा भाग माझ्या पत्त्यावर येईल का?" तो विचारी. वहिनी म्हणे, "रांगेत आहात तुम्ही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला राहवेना. वहिनीला अभ्यास मी शिकवू शकत नव्हतो. पण परीक्षा कशी द्यायची हे मला, आमच्या पिढीतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसासारखं, पाठ होतं. "वहिनी, सूचना वाचण्यात वेळ घालवू नकोस, सगळीकडे त्याच असतात. आणि अवघड प्रश्न मागे ठेव. सोपे आधी सोडव, मग शांतपणे परत ये." आमच्या मास्तरांनी मला सांगितलेलं, मी पुढे वीस जणांना सांगितलेलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

सकाळी बुद्धवंदना करून ती गेली. ती परीक्षा संगणकावर होती. सुरुवातीचेच सात-आठ प्रश्न अवघड आले. वहिनीने ते मागे ठेवले आणि पुढचं बटण दाबलं. बाकीचे सगळे सोडवले आणि परत यायला गेली, तर परतीचं बटणच नव्हतं. एकदा सोडलेला प्रश्न पुन्हा दिसणार नाही, असं पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं होतं. मीच जो वाचू नकोस म्हणालो होतो, त्या पडद्यावर. ती अगदी थोडक्यात नापास झाली.

घरी आल्यावर दादाने विचारलं, काय झालं. "माझं आकडेमोडीत चुकलं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेलो, तेव्हा तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. माझं तोंड बघून तिला हसू आलं. "भाऊजी, तुमची शाळा जुनी हो. तिथे पेपर हातात असायचा." मग गाळणं शोधत म्हणाली, "अजून पाच आठवडे आहेत. पुढच्या रविवारी लवकर या."

त्या पाच आठवड्यांत वहिनीने एकही प्रश्न मागे ठेवला नाही. मी विचारला की तिथेच, त्याच क्षणी उत्तर. येईना तर ती डोळे मिटून बसे आणि मला पान उलटू देत नसे. एकदा एका प्रश्नावर पाऊण तास गेला. मुदत संपायला चार दिवस असताना ती पुन्हा गेली, आणि दुपारी माझ्या ग्रंथालयात फोन आला. "जोडून देते हं, बोला," असं म्हणून तिने फोन दादाकडे दिला. दादा म्हणाला, "पास झाली रे! आता पोळी अख्खी मिळेल."

पुढे बारा वर्षं ती त्या नेटवर्कच्या खोलीत होती. निवृत्त होताना त्या खोलीची मुख्य होती.

वहिनी गेल्याला आता वर्ष होईल. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोन अनोळखी बायका आल्या. बोर्डावर तिच्याबरोबर असलेल्या त्या दोघी, आवक-जावक विभागात गेलेल्या. पुढे खोलीत आणखी जागा निघाल्या, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत वहिनीने दोघींना शिकवलं आणि दोघीही पास झाल्या, हे मला तिथे कळलं. घरात ती कधी बोलली नव्हती. निघताना त्यातल्या थोरलीने विचारलं, "त्यांचे दीर आपणच ना? मॅडम नेहमी सांगायच्या, परीक्षा कशी द्यायची ते मी भाऊजींकडून शिकले."

मी काय झालं होतं ते सांगायला तोंड उघडलं. पण दोघींनी हात जोडले होते, आणि वहिनीचा शब्द तिच्या माघारी खोटा पाडायचा अधिकार मला नव्हता. मीही हात जोडले.