खाकी कव्हरातले गुंड

अख्ख्या त्सुफेनहाउझेनमध्ये, म्हणजे आमच्या या जर्मन उपनगरात, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका गुन्हेगारीत मुरलेला आणि तितकाच निरुपद्रवी माणूस दुसरा नसेल. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे. इथे पस्तीस वर्षं गिअरबॉक्स जुळवून निवृत्त झाले. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबतात. वाचतात मात्र फक्त जुन्या अमेरिकेतल्या ज्यू गुंडांबद्दल. भिंतीवर त्यांच्या बाबांचा तरुणपणीचा फोटो आहे, त्यांच्या पश्चात पाकिटात सापडलेला, मोठा करून घेतलेला. त्याखालच्या खुर्चीत बसून काका रोज एखादा खून तरी पचवतात.

पुस्तकांना शाळेतल्यासारखं खाकी कव्हर असतं. कव्हरं घालायच्या आधी एकदा एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, समोरच्या बाईंनी पुस्तकाचं नाव वाचलं, मग काकांच्या गळ्यातला तारा पाहिला, आणि त्या इतक्या अवघडल्या की उतरताना माफी मागून गेल्या. "आल्झो, म्हणजे बघ, गुंड आमचे, माफी तिने का मागायची?" काका अजून विचारतात. "आमच्यातही दोन-चार हलकट निघाले हे वाचून मला किती बरं वाटतं, तिला काय कळणार! आमच्या घराण्यात बघ, नुसते शिक्षक आणि सुतार!"

वाचनाचे परिणाम दिसतातच. कॅफेत ते भिंतीला पाठ लावून बसतात. आमच्या बिल्डिंगच्या बिओटोनेत, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात, कुणीतरी प्लास्टिक टाकत होतं. काकांनी तीन दिवस खिडकीतून पाळत ठेवली आणि गुन्हेगार पकडला. खुद्द काकूच निघाल्या. "घरचं प्रकरण आहे, बाहेर बोलू नकोस," असं मला बजावून काकांनी ते दाबून टाकलं.

त्यांचं खरं प्रकरण वेगळंच होतं. घरातल्या एका जुन्या ग्रुप फोटोत काकांचे आजी-आजोबा, आठ वर्षांची आत्या, सहा वर्षांचे बाबा आणि बाबांचा मोठा भाऊ होता. त्या भावाचा चेहरा कात्रीने गोल कापून काढलेला. त्याचं नाव घरात कुणी कधी काढलं नाही. तो मुंबईला जाऊन मोठा गुंड झाला असणार, याबद्दल काकांना शंका नव्हती. "चेहरा कापतात तो घराण्याचं नाव बुडवणाऱ्याचाच. सगळ्या पुस्तकांत आहे." खरं काय ते सांगू शकणारी एकटी इस्राएलमधल्या अश्दोदची आत्याच उरली होती, आणि आता तीही विसरायला लागली होती. काका वर्षानुवर्षं विचारायचं टाळत होते. गुंड नाही निघाला तर? आणि खरंच निघाला तर?

शेवटी एका रविवारी तेवीस प्रश्न लिहून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. फोन धरायला मला बसवलं.

"गुंड?" आत्या म्हणाली. "अरे वेड्या, टायफॉइडने गेला तो, एकोणिसाव्या वर्षी. त्याचं नाव निघालं की आई ताटावरून उठायची. म्हणून आम्ही नाव काढणंच सोडलं."

"मग चेहरा कुणी कापला?"

"तुझ्या बाबाने. पाकिटात ठेवायला."

बाकीचे एकवीस प्रश्न विचारायचे राहून गेले. काका भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. मग त्यांनी फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा काढला. तिथे जपून ठेवलेला मूळचा गोल तुकडा त्यांनी ग्रुप फोटोतल्या भोकावर ठेवला. "गेनाऊ, अगदी तंतोतंत," ते म्हणाले. तसूभरही फट नव्हती.

घराणं निष्कलंक निघाल्याबद्दल मी अभिनंदन करणार होतो, तेवढ्यात त्यांनी ग्रुप फोटो माझ्यापुढे सरकवला. फोटोतल्या सहा वर्षांच्या मुलाने भावाचं बोट मुठीत घट्ट धरलेलं होतं. बाबांचा एवढाच फोटो आता काकांकडे उरला होता. मला फार वाईट वाटलं.

"बाबांच्या स्मृतिदिनाला दरवर्षी मी याच्यापुढे दिवा लावला," काका फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले. "लहानपणी मारलंत म्हणून भांडलोही. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मी तो नव्हे, असं एकदाही म्हणाला नाही."