साहेबांच्या यादीतली नावं

टपरीवरच्या दोस्तांनो, हे आमच्या घरी वाचून दाखवू नका.

मी मुंबईला कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांचा शिपाई. मागं त्यांची लांबलचक यादी बाहेरून टाईप करून आणली. इंग्रजीतले कॅन्सर, ब्रेन एवढेच शब्द मला लागले, बाकी नुसती नावं आणि सालं. मला वाटलं, ही बरी झालेली माणसं. आमच्या वडलांच्या, दादांच्या डोक्यात गाठ हाय, त्यांना धीर यावा म्हणून एक प्रत सोलापूरला धाडली.

आज साहेबांना विचारलं, "यात आमच्या वडलांसारखी डोक्यातली गाठ बरी झालेलं कोण हाय?"

"अरे, ही माझ्यासोबत लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं. तसल्या गाठीवर आम्ही अजून इलाज शोधतोच आहोत."

दुपारी आईचं कार्ड आलं. दादा मुंबईला यायला ट्रंक भरून बसलेत. म्हणतात, "साहेबानं एवढी माणसं उठवली, मला न्हाय व्हय उठवणार?"

येऊ नका, हे मी कुठल्या तोंडानं लिहू?