चिंचेनं गिळलेली साखळी

आता कबूल करून टाकतो. ग्रामसभेचं प्रोसिडिंग मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. तिवसा तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात ग्रामसेवक होतो. एकदा सभेपुढे नव्या पुलाचा नकाशा यायचा होता. मी लिहिलं, ‘कोणाचीही हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.’ लोक येतात, चहा पितात, सह्या करतात. हरकत घेतो कोण?

घेतली ती डोंगा चालवून मासोळ्या धरणाऱ्या एका बाबांनी.

“पुलाखालून डोंगा जाईन का?” ते उभे राहून म्हणाले. “पुरात खालच्या वस्तीचा रस्ता बुडते. माही पोरगी तिथं रायते.”

“बाबा, पूल झाल्यावर डोंगा कायले पायजे?” सरपंच हसले.

“पूल पल्ल्याड नेते. मले खाली जा लागते.”

“पूल होऊन राह्यला तर होऊ द्या ना!” मीच खेकसलो. लिहिलेलं पान मांडीवरच्या रजिस्टरात होतं, खरा राग त्याचा होता.

पुलाच्या इंजिनिअर बाई शांतपणे म्हणाल्या, “पाणी एवढं चढत नाही, बाबा.”

“चढते. चाला, दाखवतो.”

ते आम्हाला काठावरच्या चिंचेखाली घेऊन गेले आणि वर बोट केलं. माझ्या दुप्पट उंचीवर, फांदीच्या बेचक्यात, लाकडातून लोखंडी साखळीच्या दोन कड्या बाहेर आल्या होत्या. बाकीची साखळी झाडानं गिळली होती.

“मी जवान होतो तवाच्या पुरात डोंगा इथं बांधला होता,” बाबा म्हणाले. “पाणी उतरलं, साखळी वरच राह्यली. मंग राहू देली.”

त्याच चिंचेखाली मी रोज गाडी लावायचो. कधी मान वर केली नव्हती, आणि या माणसाला नदीची उंची बोटानं दाखवता येत होती.

बाईंनी उंची मोजायचं यंत्र लावलं, डोळा लावला, पुन्हा लावला. “पुलाचा तळ साखळीच्या फक्त हातभर वर येतोय,” त्या हळूच म्हणाल्या. डोंगा तर बांबू रोवत उभ्यानं चालवतात. हातभर जागेत आडवा पडूनही माणूस निघायचा नाही. “नकाशा बदलावा लागेल. हरकत प्रोसिडिंगमध्ये घ्या.”

तो पूल पुढे उंच झाला. पण त्या दुपारी पंचायतीत परत आल्यावर मला रजिस्टर उघडावंच लागलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी बोट फिरवत माझी ओळ वाचली, ‘कोणाचीही हरकत नाही,’ आणि खाली माझ्या सहीशेजारी चुकून पडलेली कालची तारीखही.

“साहेब, हे तुमाले कालच कसं समजलं?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी ती ओळ त्यांच्यासमोर खोडली, त्यांची हरकत लिहिली आणि पेन पुढे केला. त्यांनी आधी धोतराला हात पुसले, मग सावकाश सही केली.