काजळकोटाचा शेवटचा फर्मा

केळीचा ताजा चीक बोटांना लागतो तेव्हा तो पाण्यासारखा निर्मळ असतो. किंचित चिकट, किंचित तुरट वासाचा, उन्हात बोट धरलं तर नुसता चमकणारा. काही लागलं आहे हे कळतसुद्धा नाही. मग रात्र जाते, आणि सकाळी त्याच जागी गर्द तपकिरी डाग उमटलेला असतो, जो पुढे साबणाला, सोड्याला, रिठ्याला, आईच्या बोलण्याला, कशालाच दाद देत नाही. रावेरजवळच्या आमच्या मळ्यात वाढलेल्या एकाही पोरीचं परकर-पोलकं या डागावाचून राहिलं नाही, आणि माझं तर वाचलेलं एकही पान राहिलं नाही. आजही तो तुरट वास कुठून आला, की लोकांना केळी आठवत असतील; मला काजळकोट आठवतो.

काजळकोट हे एका अद्भुत कथामालेचं नाव. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, त्या वर्षांत दर दिवाळीच्या सुमारास तिचा एकेक भाग निघे. पहाटच होत नाही असं एक शापित नगर, त्याला एकात एक असे सात तट, प्रत्येक तटाला मंतरलेला दरवाजा, आणि दर भागात एक दरवाजा उघडून आत आत जाणारी तरंगिणी! कमरेला तलवार, हातात चाव्यांचा जुडगा, घुबडांची भाषा तिला अवगत. आणि वाटेत कुणी आडवा आला तर ती परवानगी मागत नसे, पुढे जात असे. आमच्या घरात शेजारी ताक मागायला जायचं तरी तिघांना सांगून जायची रीत. अशा घरातल्या पोरीला त्या वयात तरंगिणी भेटली, तर त्या पोरीचं काय होईल, तुम्हीच सांगा.

आणि ती भेटायचीही कशी! माझा थोरला भाऊ जळगावला मामांकडे राहून हायस्कुलात शिकत होता. त्याच्या वर्गातली पोरं वर्गणी काढून नवा भाग विकत घेत, आणि सगळ्यांना एकदमच वाचायची घाई, म्हणून घेतल्या घेतल्या त्याची शिवण उसवून टाकत. सोळा-सोळा पानांच्या शिवलेल्या घड्या मोकळ्या होत. छापखान्यातली माणसं त्यांना फर्मे म्हणतात, म्हणून पोरंही म्हणत. ज्याच्या हाती जो फर्मा लागेल तो त्याने आधी वाचायचा, मग बदली करायची. सगळ्यांचं वाचून झालं की भाऊ दाभण घेऊन ते पुन्हा शिवी. त्याआधी शनिवारच्या पॅसेंजरने तो घरी येई तेव्हा सदऱ्याच्या आत त्या आठवड्याचे एक-दोन फर्मे असत. ते माझे. केळीच्या ओळींमध्ये, वाळलेल्या पानांच्या ढिगावर बसून, चिकाच्या बोटांनी मी ते अधाशासारखे वाचत असे. आई ओरडे, “त्या कागदात काय जेवतेस का गं?” जेवतच होते की! दुसरं काय होतं जेवायला?

फर्मे कधी क्रमाने येत नसत. तट कोसळल्याचं आधी वाचायचं, वेढा पडल्याचं पुढच्या शनिवारी. राक्षसाच्या मृत्यूवर आनंदाने टाळ्या पिटायच्या आणि मग पंधरा दिवसांनी तो कोण, कुठला, कशासाठी पिसाळला होता ते कळून उगाच त्याची कणव यायची. त्या उलटसुलट वाचनाने माझ्या मनाला एक विचित्र सवय लावली: जे हातात आहे त्याच्या मागचं आणि पुढचं आपणच रचून ठेवायचं. पुढे आयुष्यही मला तसंच हाती आलं, संसार आधी आणि समज नंतर; तेव्हा ही सवय फार उपयोगी पडली. पण तेव्हा काय ठाऊक! तेव्हा मी परकराच्या नाडीत विळा खोचून मळ्यात हिंडत होते, बांधावरच्या आंब्यातल्या घुबडाला संध्याकाळी साद घालत होते, आणि आई कपाळावर हात मारून घेत होती, की ही कार्टी अवलक्षणी पाखराला हाका मारून घर बुडवणार.

सहा भागांत सहा दरवाजे उघडले. उरला सातवा. त्याच्या पलीकडे काय आहे, हे तरंगिणीला माहीत नव्हतं, घुबडांना माहीत नव्हतं, आणि मला तर त्यावाचून घास गोड लागत नव्हता. सातवा भाग निघाला त्याच हिवाळ्यात सोनगीरचे पाहुणे मला पाहून गेले. वडिलांनी, आबांनी, होकार दिला. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगू, मीही काही बोलले नाही. माझं सगळं चित्त त्या दरवाजात अडकलेलं. शनिवारमागून शनिवार फर्मे येत राहिले. तरंगिणीने चावी लावली, चावी फिरली, दरवाजा करकरला... आणि फर्मा संपला. त्याच्या पुढचा, शेवटचा, आलाच नाही. भावाने खाली बघत सांगितलं, “शकू, भुसावळला गाडी बदलताना बाकावर राहून गेला गं.” दुसरी प्रत आण म्हणून मी त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, मिळत नाही. लग्नाला आठवडा उरला होता.

पाठवणीच्या वेळी मी अशी काही रडले की बायका म्हणाल्या, पोरीला माहेराची काय माया! माया होतीच हो. पण बैलगाडीत बसताना माझ्या डोळ्यांपुढे आई नव्हती, आबा नव्हते. एक अर्धवट उघडलेला दरवाजा होता.

सोनगीरला उतरले आणि समोर किल्ला! गावाच्या उशालाच, उघड्या टेकडीवर, खराखुरा तटबंदीचा किल्ला! ना केळी, ना पाटाचं पाणी, बाजरी-कपाशीचं ते कोरडं रान, पण किल्ला होता. आणि मला वेडीला वाटलं, अरे, बरोबर ठिकाणी आलो की आपण. रोज भांडी घासताना मी मान वर करून तटाकडे बघत बसे. सासूबाई ओसरीवरून हाक मारत, “बठ्ठं काम पडेल शे, नि तू तठे काय दखी राह्यनी?” काय सांगणार त्यांना? सगळं काम पडलेलं असायचं हे खरंच होतं. त्या घरात ते कधी उरकलंच नाही. किल्ल्यावर जायची परवानगी एकदा मागितली. घरात जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. सुना किल्ल्यावर कशाला जातात? त्या किल्ल्याच्या पायथ्याशी माझी सगळी उमेद गेली, आणि वरचा दरवाजा कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा मला माहीत झालं नाही.

मग मी माझी सवय चालवली. जात्यावर बसले की सातव्या दरवाजापलीकडचं आपणच रचायचं. पहिल्या वर्षी पलीकडे समुद्र होता. मग एक शाळा होती, आठवीपुढची, मुलींची. पहिलं मूल हातचं गेलं त्या वर्षी पलीकडे नुसता उजेड होता, दुसरं काही सुचलं नाही. आणि पुढे पुढे, हसू नका, एक लहानशी खोली असायची. स्वच्छ सारवलेली, कोनाड्यात दिवा, आणि तिथे मला कुणी हाक मारत नाही. इतकं साधं स्वप्न पाहायला तरंगिणी लागते का हो? लागते. तिच्या हातातल्या चाव्यांवरच माझं सगळं चाललेलं होतं. कुणीतरी एक बाई, खोटी का असेना, त्या दरवाजातून पलीकडे गेली आहे, एवढ्या भरवशावर मी तो संसार ओढला.

अशी वर्षं गेली. एका दिवाळीला माहेरी गेले. भाऊ आता मळा बघत होता, दिल्लीला केळीच्या वॅगनी भरून धाडत होता, अंगाने सुटला होता. भाऊबीजेला पाटावर बसला. मी ओवाळलं, आणि त्याने ताटात साडी ठेवली, साडीवर एक घडी ठेवली. सोळा पानांची. काजळकोटाचा शेवटचा फर्मा! पांढराशुभ्र. त्यावर चिकाचा एकही डाग नव्हता, कारण त्याला माझा हातच लागला नव्हता.

निरांजन तसंच हातात धरून मी शेवटचं पान उलटलं. सातव्या दरवाजापलीकडे युवराज हार घेऊन उभा होता. तरंगिणीने तलवार त्याच्या पायाशी ठेवली, चाव्यांचा जुडगा त्याच्या हाती दिला, ‘आणि अंतःपुरात ती सुखाने नांदू लागली.’ समाप्त. सात भाग, सात तट, आणि हे! ज्या गृहस्थाने हे लिहिलं त्याचं नाव घेऊन मी आजही तोंड विटाळत नाही.

भाऊ हळूच म्हणाला, “तेव्हा हरवला नव्हता, शकू. मीच ठेवून घेतला. लग्नाच्या तोंडावर हे वाचलं असतंस तर तुला सोसलं नसतं.” त्याचे डोळे भरले होते. त्याला वाटलं, मी गहिवरले. मला वाटलं, ताट त्याच्या डोक्यात घालावं. म्हणजे याला कळत होतं! मला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, हे त्या घरात एकट्या यालाच कळत होतं. कागदावरच्या तरंगिणीचं अंतःपुर मला दिसू नये म्हणून हा भुसावळच्या बाकाची थाप मारतो, आणि त्याच हिवाळ्यात आबांशेजारी बसून सोनगीरच्या पाहुण्यांना पानसुपारी फिरवतो! पुस्तकापासून वाचवलंस रे मला. लग्नापासून का नाही वाचवलंस? हे मी बोलले नाही. पुन्हा एकदा ओवाळलं, कुंकू लावलं, आणि तोंड गोड केलं.

दुपारी मळ्यात गेले. केळीचं एक पान देठातून मोडलं, आणि टपटपणाऱ्या चिकात अंगठा भिजवून तो शेवटच्या वाक्यावर दाबून धरला. ओला ठसा उन्हात नुसता चमकला. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून सोनगीरच्या मोटारीत बसल्यावर फर्मा उघडून पाहिला. डाग चांगला गडद उमटला होता. त्याच्याखाली तरंगिणी सुखाने नांदताना काही केल्या वाचता येत नव्हती. मोटार थांबली, किल्ला दिसला, आणि मी पदर डोक्यावर घेऊन उतरले.