भाचीच्या परीक्षेला माझा पाय

मी सोलापूरला निघाले ती अंगात सुया टोचून घ्यायला. लोक तिकडं चादरी घ्यायला जातात, देवाला जातात. आपण होऊन टोचून घ्यायला जाणारी खुळी त्या एसटीत मी एकटीच असणार.

झालं असं. माझ्या थोरल्या भावाची मुलगी ऋतुजा दिवसा सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते आणि संध्याकाळी ॲक्युपंक्चर शिकते. तिच्या संस्थेत एक अजब रीत आहे. प्रॅक्टिकलला सुई टोचायला माणूस ज्याचं त्यानं आणायचं, आणि तेही नात्यातलं. घरचं माणूस अंग द्यायला तयार नसेल तर परक्यानं का द्यावं, असं त्यांचं म्हणणं. वहिनीला इंजेक्शन नुसतं दिसलं तरी घेरी येते. दादानं तर स्पष्टच सांगितलं होतं, "पहिल्या वर्षाला पास झाली तर बघू पुढचं. नाहीतर नोकरी सोडायची आणि घरी यायचं. स्थळं बघायला घेतोच मी." राहिली कोण? आत्या, म्हणजे मी, दुखऱ्या गुडघ्यासकट.

फलटण सोडलं तेव्हा हवा बरी होती. वेळापूरच्या स्टँडवर चहा घ्यायला उतरले आणि तो इतका कढत निघाला, की फुंकर मारता मारता गाडीच सुटत होती. पेला तसाच ठेवून पळाले. मोहोळ मागं पडल्यावर खिडकीतून येणारा वारा चुलीपुढं बसल्यासारखा लागायला लागला. माझ्या डोक्यात एकच विचार. सुई केवढी असेल?

सोलापूरच्या स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. "सुयांचं कॉलेज व्हय? म्हायती हाय की! माजी सासू जाती तितं गुडघ्यासाटी."

"गुण आला का हो?"

"त्ये तिलाच ठावं. पर तितं अर्धा तास गप पडून ऱ्हाती. आमास्नी त्योच गुण."

ऋतुजा एका तेलुगू कुटुंबाकडं खोली घेऊन राहते. घरमालकीण लक्ष्मीबाईंनी दारातच "कूर्चोंडि, कूर्चोंडि" (बसा, बसा) करत पाटावर बसवलं. पुढ्यात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. भाकरी पापडासारखी मोडते. पहिला घास दह्याशिवाय घेतला आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

"तुमची पोरगी लई हुशार हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण आमच्या घरात एक साबण धड ठेवला न्हाई. सगळ्याला भोकं!"

ऋतुजा लाजली. सुई सरळ जावी म्हणून आधी साबणाच्या वडीवर हात बसवतात म्हणे, मग स्वतःच्या पायावर, मग वर्गातल्या मैत्रिणीच्या. तिच्या पोटरीवर बारीक ठिपके दिसले. मला कसंसंच झालं.

"अगं, पण ह्याला पुढं काही भवितव्य आहे का?" मी विचारलं. "लोक अजून किती वर्षं येतील?"

"नाही सांगता येत, आत्या. राज्यात आता कायदा आहे, नोंदणी लागते. पण डॉक्टर लोक हसतात. आणि चार दिवसांचं शिबिर करून सुया टोचणारेही आहेत. त्यांच्या हातून काही वाईट झालं की नाव सगळ्यांचंच जातं." मग म्हणाली, "आमच्या मॅडम टोचायचं कसं यापेक्षा टोचायचं कुठं नाही तेच जास्त शिकवतात. पेशंट छातीत दुखतंय म्हणाला तर सुई बाजूला ठेवायची आणि दवाखान्यात धाडायचं."

मला हे आवडलं. तरी रात्री झोप काही धड लागली नाही.

सकाळी परीक्षेला गेलो. लांबट खोली, पांढऱ्या चादरींच्या खाटा, स्पिरिटचा वास. परीक्षक बाहेरगावच्या बाई होत्या. बारीक चण, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. ऋतुजानं हात धुतले, सुईचं बंद पाकीट त्यांना दाखवून फोडलं. मग माझाच हात घेऊन माझीच चार बोटं माझ्या गुडघ्याखाली आडवी धरली.

"तुझी बोटं का नाही?" बाईंनी विचारलं.

"माप पेशंटच्या अंगाचं, मॅडम. माझी बोटं बारीक आहेत, जागा चुकेल."

मी देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. आई गं! टोचणं असं जाणवलंच नाही, पण मग आत काहीतरी जडजड ओढल्यासारखं पार घोट्यापर्यंत उतरलं. ऋतुजानं विचारलं, "आत्या, काय वाटतंय?"

आता हिचं वर्षच नाही, अख्खं आयुष्य पणाला लागलंय. मी छान हसून म्हणाले, "काही नाही गं! काहीसुद्धा नाही. काय हलका हात आहे पोरीचा!"

बाईंनी पेन उचललं. "काहीच नाही? मग सुई लागली कुठं?"

तेव्हा कळलं, की सुई नेमक्या जागी लागली तर जड वाटायलाच हवं असतं. मी शाबासकी द्यायला गेले आणि पोरीला नापास करून बसले होते! तोंड उघडणार तेवढ्यात ऋतुजा म्हणाली, "मॅडम, आत्या खोटं बोलतेय."

"पेशंटला खोटं ठरवतेस?"

"आतून कुणी सुई धरल्यासारखी झाली, मला बोटाला जाणवलं. आणि तिचा अंगठा बघा, अजून आखडलाय." सुईवरचा हात तिनं हलू दिला नाही. "आत्या, खरं सांग."

"जड झालंय," मी म्हणाले. "घोट्यापर्यंत. तुझं चांगलं व्हावं म्हणून बोलले गं."

बाई पहिल्यांदा हसल्या. "सगळे पेशंट असंच बोलतात, बरं वाटावं म्हणून. दुसरी कुणी असती तर तिनं घाबरून सुई आणखी आत ढकलली असती." पास झाल्याचं त्यांनी तिथंच सांगितलं. ऋतुजा बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, काय लपवायचं.

गुडघा बरा झाला का म्हणाल, तर नाही. एका सुईनं काय होणार, आणि दहांनी होईल का तेही मी सांगू शकत नाही. पण परतीच्या गाडीत सारखं मनात येत होतं, की आयुष्यभर दवाखान्यात मी "बरंय, बरंय" म्हणत आले. मला कुणी कधी अडवलं नाही. ह्या पोरीनं अडवलं, तेही स्वतःच्या परीक्षेत.

फलटणच्या स्टँडवर दादा मोटारसायकल घेऊन आला होता. माझ्या खोट्यासकट सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण किक काही मारली नाही.

"पुढच्या परीक्षेला परत तूच जाणार?"

"नाही चालत. दरवेळी वेगळं माणूस लागतं."

त्यानं स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "दुखतं का गं?"

"टोचताना कळत नाही, मग जड होतं," मी म्हणाले. "आणि तिनं विचारलं की खरं सांगायचं."